करार शेवटच्या कलमापासून वाचायला शिका

परदेशी कंपनीशी भागीदारी कशी होते हे शिकायला पुण्या-मुंबईलाच जावं लागतं, असा आपल्याकडे एक समज आहे. माझ्याकडे सल्ला विचारायला येणारी बहुतेक मुलं-मुली तोच समज घेऊन येतात. परभणीची, जालन्याची, अंबाजोगाईची. एमबीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) करत असतात, ‘इंटरनॅशनल बिझनेस’चा पेपर दिलेला असतो, स्ट्रॅटेजिक अलायन्सची, म्हणजे कंपन्यांच्या भागीदारीची, व्याख्या तोंडपाठ असते. पण या विषयातली देशातली काही सगळ्यात बोलकी उदाहरणं त्यांच्या घरापासून काही तासांच्या अंतरावर, जालन्यात आणि संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये घडली आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची सेलूची. संभाजीनगरला इंजिनिअरिंग केलं, वाळूजमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत परचेसला लागले, नोकरी करतच एमबीए केलं आणि पुढे कंपनीच्या परदेशी कोलॅबरेशनचं काम माझ्याकडे आलं. बाहेरच्या कंपनीचं तंत्रज्ञान इकडे आणणं, आपला माल तिच्या मदतीने तिकडे विकणं, दोघांनी मिळून तिसऱ्याच देशात काही उभं करणं, अशा तिन्ही तऱ्हांचे करार मी जवळून पाहिले. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. भागीदारी कशी चालेल हे तिच्या पहिल्या पानावरून कळत नाही. ती मोडली तर काय होईल हे जिथे लिहिलेलं असतं, तिथे कळतं.

बटईची शेती आपल्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. जमीन एकाची, राबणं दुसऱ्याचं. बी-खताचा खर्च कोणी किती करायचा, माल निघाल्यावर वाटा कसा, हे पाडव्याला ठरतं आणि त्यात फारसं भांडण होत नाही. भांडण होतं ते विहीर खोदायची वेळ आल्यावर. पैसा कोणाचा, आणि पुढच्या साली बटई मोडली तर विहीर कोणाची? कंपन्यांच्या अलायन्सचा जवळजवळ सगळा अभ्यास या विहिरीच्या प्रश्नाभोवती फिरतो. नफा वाटून घेणं सोपं असतं. दोघांनी मिळून जे नवं उभं केलं, म्हणजे डिझाइन, ग्राहक, ब्रँड, शिकलेली माणसं, ते कोणाचं हे ठरवणं अवघड असतं.

प्रकारांची यादी पुस्तकात आहेच, ती इथे लांबवत नाही. एवढं ध्यानात ठेवा की काही भागीदाऱ्यांत एकमेकांचे शेअर घेतलेले नसतात (तंत्रज्ञानाचं लायसन्स, दुसऱ्याच्या ब्रँडसाठी उत्पादन, एकमेकांचं विक्रीचं जाळं वापरणं), काहींत एक कंपनी दुसरीत थोडा हिस्सा घेते, आणि काहींत दोघी मिळून तिसरी कंपनी काढतात, ती जेव्ही, म्हणजे जॉइंट व्हेंचर. पुस्तकात या पायऱ्या म्हणून दाखवतात: आधी निर्यात, मग लायसन्स, मग जेव्ही, मग स्वतःची कंपनी. प्रत्यक्षात या क्रमाने चढणारी कंपनी मी तरी पाहिली नाही. शेंद्र्याला स्कोडा २००१ च्या सुमारास आली ती थेट स्वतःची कंपनी घेऊन. टोयोटा भारतात आली ती किर्लोस्करांना सोबत घेऊन, आणि आजही टोयोटा किर्लोस्कर मोटरमध्ये ८९ टक्के टोयोटाचे तर ११ टक्के किर्लोस्करांचे आहेत. कोणाला काय कमी पडतं त्यावर प्रकार ठरतो.

आता जालना. अलायन्सचं एकच उदाहरण खोलात अभ्यासायचं असेल तर माझ्या मते ते महिको आणि मोन्सँटोचं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. संकरित बियाण्यात तिने नाव कमावलं आणि १९९८ मध्ये बारवाल्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेच्या मोन्सँटोने महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला आणि दोघांनी निम्म्या-निम्म्या मालकीची महिको मोन्सँटो बायोटेक उभी केली. बोंडअळीला मारक असा बीटी जनुक मोन्सँटोकडे होता. पण तो जनुक इथल्या मातीत, इथल्या पावसावर येणाऱ्या कापसाच्या वाणात घालायचा तर वाणही इथलेच लागणार, चाचण्यांसाठी शेतं लागणार, दिल्लीतल्या परवानग्यांची वाट माहीत असलेली माणसं लागणार आणि तालुक्या-तालुक्यातले कृषी सेवा केंद्रवाले लागणार. हे सगळं महिकोकडे होतं. मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली ती महिकोच्या तीन संकरित वाणांना. कोणी काय आणलं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

खरा धंदा पुढे झाला. जेव्हीने हे तंत्रज्ञान स्वतःपुरतं ठेवलं नाही, देशातल्या अनेक बियाणे कंपन्यांना लायसन्सवर दिलं आणि प्रत्येक पाकिटामागे ट्रेट व्हॅल्यू, म्हणजे एक प्रकारची रॉयल्टी, घेतली. परदेशी कंपनीला प्रत्येक राज्यात स्वतःचा कारखाना न काढता देशभर पसरण्याचा हा मार्ग मिळाला. पण ज्याची सही करारावर नव्हती, त्या सरकारने पुढे किंमत ठरवायला सुरुवात केली. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार किमतीविरुद्ध एमआरटीपी आयोगाकडे (मक्तेदारीला आळा घालणाऱ्या केंद्राच्या आयोगाकडे) गेलं आणि पाकीट ७५० रुपयांवर आलं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राचा कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश आला. मार्च २०१६ मध्ये ट्रेट व्हॅल्यू १६३ रुपयांवरून ४९ वर आणली गेली, मग ३९, मग २०, आणि २०२० मध्ये शून्य. मधल्या काळात लायसन्स घेतलेल्या कंपन्यांशी रॉयल्टीवरून वाद झाले आणि पेटंटचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

हे उदाहरण मला जवळचं आहे, कारण आमच्या घरी कापूसच. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं एक लहान पाकीट यायचं, बिगर बीटी बियाण्याचं. त्याला रेफ्यूजी म्हणायचे. शेताच्या कडेने ते लावायचं, म्हणजे अळीला तिथे खायला मिळतं आणि तिची प्रतिकारशक्ती लवकर वाढत नाही. आमच्या भागात ते लहान पाकीट फार थोड्या शेतकऱ्यांनी लावलं. लावा असं कोणी नीट समजावलं नाही, आणि कोरडवाहू दोन-चार एकरवाल्याने जमिनीचा एक पट्टा अळीसाठी का सोडावा, या प्रश्नाला उत्तरही कोणी दिलं नाही. पुढे २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यात आणि विदर्भात काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. कारणं एकापेक्षा जास्त होती: कापूस लांबवण्याची सवय, वाणांची भाऊगर्दी, अळीत आलेली प्रतिकारशक्ती. पण अलायन्स शिकणाऱ्याने यातून एक प्रश्न उचलावा. तंत्रज्ञान टिकण्याची अट शेवटच्या वापरणाऱ्याच्या हातात असेल, तर ती पाळली जावी म्हणून खर्च कोण करणार, हे करारात कुठे आहे? दोन मोठ्या कंपन्या, शेकडो पानांची कागदपत्रं, आणि एवढा प्रश्न बांधावर एकटा राहिला. याची चीड मला आजही आहे, आणि हाच प्रश्न मी माझ्या कामात दरवेळी विचारते.

वर २६ टक्क्यांचा उल्लेख आला. नवख्या मुलांना हा आकडा विचित्र वाटतो. कारण सोपं आहे. आपल्या कंपनी कायद्यात विशेष ठरावाला तीन-चतुर्थांश मतं लागतात. पाव हिश्श्याहून थोडं जास्त असलं की तुम्ही एकट्याने असा ठराव अडवू शकता. हिरो होंडा १९८४ मध्ये उभी राहिली तेव्हा दोघांकडे २६-२६ टक्केच होते. म्हणजे चालवण्याचा नव्हे, अडवण्याचा हक्क. निम्मी-निम्मी जेव्ही कागदावर फार न्याय्य दिसते, पण मत फुटलं की कोणीच पुढे जाऊ शकत नाही. तशा करारात डेडलॉकचं कलम आधी शोधा: आधी दोन्हीकडचे सीईओ बसतील, मग अमुक दिवसांत तोडगा नाही निघाला तर एकाने दुसऱ्याचा हिस्सा कोणत्या किमतीने घ्यायचा. किंमत कशी काढायची याचं सूत्र तिथे नसेल, तर कलम असून नसल्यासारखं.

वाळूजचं उदाहरण बजाजचं. १९८५ मध्ये इथे प्लांट सुरू झाला आणि त्याच दशकात कावासाकीशी तांत्रिक सहकार्य सुरू झालं. त्या काळी परदेशी कंपनीला इकडे यायचं तर भारतीय भागीदार घेण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. १९७३ च्या फेरा (परकीय चलन) कायद्याने बहुतेक उद्योगांत परदेशी भांडवलावर ४० टक्क्यांची मर्यादा होती. म्हणून ऐंशीच्या दशकात एकदम इतकी जोडनावं दिसतात: हिरो होंडा, कायनेटिक होंडा, कावासाकी बजाज. १९९१ नंतर बंधनं सैल होत गेली आणि मग खरी परीक्षा झाली. सक्ती संपल्यावर कोणाला कोणाची गरज उरली?

बजाजच्या बाबतीत मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते हे की सहकार्य चालू असतानाच कंपनीने स्वतःचा विकास विभाग उभा केला. २००१ मध्ये पल्सर आली. कावासाकीसोबतच्या काळात आलेलं बॉक्सर हे नाव पुढे आफ्रिकेत बजाजचं म्हणून रुजलं आणि युगांडा, केनिया, नायजेरियात भाड्याने चालणाऱ्या मोटरसायकलींत आजही दिसतं. दुसरीकडे फिलिपिन्समध्ये बजाजने कावासाकीचंच विक्रीचं जाळं वापरून आपल्या गाड्या विकल्या. म्हणजे जो भागीदार आधी तंत्रज्ञान देत होता, तोच नंतर बाजाराची वाट झाला. भारतात कावासाकीच्या गाड्या विकण्याची व्यवस्था २०१७ मध्ये संपली. तोवर बजाजचा हात दुसरीकडे बसला होता. २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम या मोटरसायकल कंपनीत १४.५ टक्के हिस्सा घेतला, तो वाढवत नेला, चाकणला लहान इंजिनच्या ड्यूक बनवून जगभर पाठवल्या. २०२४ च्या अखेरीस केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा बजाजने पैसा उभा केला आणि २०२५ मध्ये ताबा बजाजकडे आला. इंग्लंडच्या ट्रायम्फसोबत मात्र शेअर न घेताच भागीदारी केली. जानेवारी २०२० मध्ये सह्या झाल्या आणि २०२३ मध्ये ४०० सीसीच्या गाड्या आल्या. एकाच कंपनीने तीन भागीदारांशी तीन वेगळ्या तऱ्हांनी व्यवहार केला. प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर हा घ्या. आपल्या विद्यापीठात या विषयावर नीट काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

याउलट हिरो होंडा. देशात पहिल्या क्रमांकाची, पण बाहेर विकण्यावर भागीदाराच्या अटी होत्या, कारण इतर देशांत होंडा स्वतःच होती. डिसेंबर २०१० मध्ये वेगळं व्हायचं ठरलं, त्यानंतर कुठे हिरोला जग मोकळं झालं. माल कुठे विकता येईल हे ठरवणाऱ्या या कलमाला टेरिटरी म्हणतात. भारतीय कंपनीला बाहेर पसरायचं असेल तर रॉयल्टीच्या टक्क्यापेक्षा टेरिटरीचं कलम जास्त महाग पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. रॉयल्टी अर्ध्या टक्क्याने कमी करून घेतली म्हणून टाळ्या वाजतात, आणि त्याच कागदात ‘भारत, नेपाळ, श्रीलंका’ एवढंच लिहिलेलं असतं.

आमच्याच कंपनीतला एक प्रसंग सांगते. एका युरोपीय भागीदाराकडून (नाव महत्त्वाचं नाही) ब्रेकच्या एका भागाचं तंत्रज्ञान घेतलेलं होतं. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते, तिच्यात रिव्हिजनचं अक्षर असतं. आमच्या ड्रॉइंगवर सी होतं. आमच्या क्वालिटीच्या एक मॅडम त्यांच्या कारखान्यात ट्रेनिंगला गेल्या, तेव्हा लाइनवर लावलेल्या ड्रॉइंगवर त्यांना एफ दिसलं. मधल्या तीन सुधारणा आमच्यापर्यंत आल्याच नव्हत्या, आणि त्यातली एक सीलच्या खाचेची होती. आमच्याकडे गळतीच्या तक्रारी तिथूनच येत होत्या. विचारल्यावर उत्तर आलं की करारात त्या दिवशीचं तंत्रज्ञान द्यायचं लिहिलंय, पुढच्या सुधारणांचं नाही. कागदोपत्री त्यांचं बरोबर होतं. करार माझ्या आधीच्या पिढीने केलेला, त्यात इम्प्रूव्हमेंटचं कलम एकतर्फी होतं: आम्ही काही सुधारलं तर त्यांना कळवायचं, त्यांनी सुधारलं तर कळवतील ‘त्यांच्या सोयीने’. पुढचा करार झाला तेव्हा हे कलम दोन्ही बाजूंनी सारखं करून घेतलं आणि दर तिमाहीला रिव्हिजनची यादी द्यायची अट घातली. ते कलम लिहिताना वकिलांच्या शेजारी ड्रॉइंग वाचता येणारी इंजिनिअर बसली होती, म्हणून ते नीट लिहिलं गेलं.

यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट अशी की या कामात यायला एकच दार नाही. इंजिनिअर, सीए, सीएस, एलएलबी, एमबीए, सगळे लागतात. थेट ‘अलायन्स मॅनेजर’ म्हणून पहिली नोकरी देणारी जाहिरात आपल्या भागात तुम्हाला जवळपास सापडणार नाही. परचेस, नवीन प्रॉडक्ट डेव्हलपमेंट, कॉस्टिंग, सेक्रेटेरियल, एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन, यांपैकी कुठूनही आत या. माझं मत विचाराल तर इंजिनिअरने कॉस्टिंगमध्ये वर्षभर काढावं. एका कास्टिंगची किंमत धातू, वजन, सायकल टाइम, रिजेक्शन, मशीनचा तासाचा दर अशी फोडून मांडता आली की समोरचा भागीदार कोणत्या आकड्यावर हसतो आणि कोणत्यावर गप्प होतो, हे कळायला लागतं.

कॉमर्सवाल्यांनी रॉयल्टीवरचा कर नीट शिकावा. २०२३ पासून परदेशी कंपनीला दिल्या जाणाऱ्या रॉयल्टीवरचा देशांतर्गत दर १० वरून २० टक्क्यांवर गेला. जपान, जर्मनीसोबतच्या कर करारांत तो १० टक्के आहे, पण त्याचा फायदा घ्यायला भागीदाराकडून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे करासाठी तो त्या देशाचा रहिवासी असल्याचा दाखला, वेळेवर यावं लागतं. करारात ‘रॉयल्टी करमुक्त मिळेल’ असा एक शब्द असला तर कर आपल्या खिशातून जातो. भागीदाराच्या हातात १०० रुपये पडायचे तर १० टक्क्यांनी खर्च सुमारे १११, २० टक्क्यांनी १२५. हा हिशोब बैठकीत तोंडी सांगणारी मुलगी दुसऱ्या बैठकीला आपोआप बोलावली जाते.

सीएस करणाऱ्यांनी सरकारी धोरणाचा इतिहास थोडा तरी वाचावा. केंद्र सरकार परदेशी गुंतवणुकीचं धोरण प्रेस नोट नावाच्या पत्रकांतून जाहीर करतं. डिसेंबर १९९८ ची प्रेस नोट १८ त्यातली महत्त्वाची. आधीची जेव्ही असलेल्या परदेशी कंपनीला त्याच क्षेत्रात दुसरा उद्योग काढायचा तर सरकारी मंजुरी लागायची, आणि व्यवहारात जुन्या भागीदाराचं ना-हरकत पत्र. भारतीय भागीदाराला ते संरक्षण वाटायचं, परदेशी कंपनीला फास. २००५ मध्ये ती सैल झाली, २०११ मध्ये गेली. तेव्हापासून जे संरक्षण हवं ते करारातच लिहून घ्यावं लागतं, म्हणून नॉन-कॉम्पीटचं (भागीदाराने आपल्याशी स्पर्धा न करण्याचं) कलम एवढं वाढलं. एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ ने जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली, त्याने चिनी भागीदारांसोबतची गणितं बदलली. आणि आपली कंपनी बाहेर पैसा लावणार असेल तर ऑगस्ट २०२२ चे ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियम: नेट वर्थच्या ४०० टक्क्यांपर्यंत ऑटोमॅटिक मार्गाने, म्हणजे आधी मंजुरी न घेता, आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत परदेशी कंपनीचा वार्षिक अहवाल बँकेमार्फत. ही तारीख सांभाळणं हे कित्येकांचं या क्षेत्रातलं पहिलं काम असतं.

एमओयूच्या बातम्यांनी हुरळून जाऊ नका. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीनसाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, सुमारे २०,००० कोटींचा, आणि आपल्या भागात आनंद झाला. तो साहजिक होता. पण एमओयू म्हणजे बोलण्याची सुरुवात. मार्च २०१७ मध्ये टाटा मोटर्स आणि फोक्सवॅगन समूहाने एकत्र गाड्या विकसित करायचा एमओयू केला, स्कोडा त्यात पुढाकार घेणार होती, आणि ऑगस्टमध्ये दोघांनी थांबायचं ठरवलं, कारण हवी तेवढी बचत आणि जुळणी दिसत नव्हती. मला हे अपयश वाटत नाही. काही महिन्यांत कळलं, कारखाना बांधून झाल्यावर नाही. बोलणी थांबवण्याचं धाडस असलेली टीम फार मोलाची असते.

कागद कुठे मिळतील, हा प्रश्न हमखास येतो. कंपन्यांचे करार कोणी दाखवत नाही हे खरं, पण शेअर बाजारात येताना प्रत्येक कंपनीला प्रॉस्पेक्टस जाहीर करावं लागतं आणि ते सेबीच्या साइटवर फुकट असतं. आपल्या वाळूजच्या एन्ड्युरन्सचा आयपीओ २०१६ मधला, व्हॅरॉकचा २०१८ मधला. दोन्हींची प्रॉस्पेक्टस उतरवून घ्या. कंपनीच्या इतिहासाचं आणि महत्त्वाच्या करारांचं प्रकरण, आणि सुरुवातीचं जोखमींचं प्रकरण, एवढंच वाचा. एन्ड्युरन्स इटलीत कंपन्या विकत घेऊन युरोपात गेली. व्हॅरॉकने २०१२ मध्ये अमेरिकेच्या व्हिस्टिऑनचा गाड्यांच्या दिव्यांचा व्यवसाय विकत घेतला, आणि चीनमध्ये तैवानच्या टीवायसीसोबत तिची जेव्ही होती. त्यानंतर व्हॅरॉकचे पुढच्या वर्षांचे वार्षिक अहवाल बघा: युरोप-अमेरिकेतला तोच व्यवसाय २०२२ मध्ये प्लास्टिक ऑम्नियमला विकला. आयपीओच्या वेळी लिहिलेल्या जोखमी आणि पुढे खरोखर घडलेलं शेजारी ठेवून वाचलं की वर्गातल्या वर्षभराच्या तासांपेक्षा जास्त हाती लागतं. वार्षिक अहवालाच्या शेवटाकडे एओसी-१ नावाचा तक्ता असतो, त्याच्या दुसऱ्या भागात जेव्ही आणि सहयोगी कंपन्या असतात: हिस्सा किती, नफा-तोटा किती. कोणत्याही कंपनीच्या मुलाखतीला जाण्याआधी हा तक्ता बघून जा.

वाचताना क्रम उलटा ठेवा. आधी टर्मिनेशन: कोण, कोणत्या कारणाने, किती दिवसांच्या नोटिशीने सोडू शकतो, कंपनीचा मालक बदलला तर काय. मग सोडल्यानंतरचं: साचे कोणाचे, शिल्लक माल किती महिने विकता येईल, ड्रॉइंग परत करायची की नष्ट, शिकलेलं ज्ञान पुढे वापरता येईल का, एकमेकांची माणसं घेता येतील का. मग वाद कुठे मिटवायचा: लवाद सिंगापूरला की मुंबईला, कोणत्या देशाच्या कायद्याने. मग टेरिटरी, इम्प्रूव्हमेंट, पैसा. पहिल्या पानावरचे ‘परस्पर विश्वास’वगैरे परिच्छेद सगळ्यात शेवटी.

रोजचं काम मात्र या मोठ्या गोष्टींसारखं दिसत नाही. ते बरंचसं मिनिट्स, म्हणजे बैठकीत काय ठरलं त्याची नोंद, लिहिण्याचं असतं. जपानी टीम आली की बैठकीचे मिनिट्स त्याच संध्याकाळी लिहून, दोन्हीकडच्या सह्या घेऊनच जेवायला जातात. इटालियन टीमसोबत जेवणावर जे ठरतं ते सकाळी कागदावर आणावं लागतं, नाहीतर ते ठरलेलंच नसतं. आपल्याकडे साहेबांसमोर ‘हो सर, होऊन जाईल’ म्हणायची सवय आहे. ती परदेशी भागीदारासमोर घातक ठरते, कारण तो ते तारखेसह वहीत लिहून घेतो. नाही जमणार तर नाही म्हणा, आणि किती दिवसांत जमेल ते सांगा. इंग्रजी बोलायची भीती वाटते असं जवळपास प्रत्येक जण सांगतो. समोरच्या जपानी किंवा इटालियन इंजिनिअरचंही इंग्रजी शिकलेलंच असतं. छोटी वाक्यं, आकडे फळ्यावर लिहून, हाताशी भाग ठेवून बोललं की निभतं. जर्मन किंवा जपानीची पहिली एक-दोन पातळीची परीक्षा दिली असेल तर बायोडाटा वर येतो, पण त्यासाठी नोकरी शोधणं थांबवू नका.

संभाजीनगरात राहत असाल तर चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चर आणि मसिआ (लघुउद्योजकांची संघटना) यांच्या खुल्या कार्यक्रमांना जा. चिकलठाण्याची इंडो-जर्मन टूल रूम बघून या, दोन देशांच्या सहकार्यातून उभी राहिलेली संस्था आतून कशी असते ते दिसेल. लातूर-नांदेडच्या मुलांनी सुट्टीतली इंटर्नशिप इकडे मिळवायचा प्रयत्न करावा, बिनपगारी असली तरी राहण्या-जेवणाचं आधी विचारून घ्यावं.

आणि पासपोर्ट आत्ताच काढा. भागीदाराच्या कारखान्यात ट्रेनिंगला कोणाला पाठवायचं हे पुष्कळदा एका आठवड्यात ठरतं, आणि ज्याच्याकडे पासपोर्ट असतो त्याचं नाव जातं. मराठवाड्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी आता पोस्टातच पासपोर्ट केंद्रं आहेत. गावचा पत्ता आणि शहरातला भाड्याचा पत्ता वेगळा असेल तर पोलीस पडताळणी लांबते, म्हणून भाडेकरार आधी नोंदवून ठेवा आणि अर्जावर सध्या जिथे राहता तोच पत्ता द्या.